साडेपाच तासांची अमेरिका

शहागंजच्या घड्याळ टॉवरपासून हाकेच्या अंतरावर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. सुरुवातीला आम्ही फक्त ट्रॅव्हल्सच्या बसची तिकिटं काढायचो. पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न भाड्याचा, दुसरा 'किती वेळ लागतो' हा. त्याचं उत्तर द्यायला डोकं लागत नसे. रात्री नऊला सुटते, पहाटे पाचला मुंबई, म्हणजे आठ तास. सुटायची वेळ, पोचायची वेळ आणि मधली वजाबाकी. ही वजाबाकी हाताला इतकी बसली की पुढे परदेशाची विमानतिकिटं काढायला लागलो तेव्हाही मी तीच करत राहिलो. तिच्यापायी काही लोकांचं नुकसान झालं आणि एका माणसाच्या तर जिवावर बेतलं. हे सगळं जसं घडलं तसं सांगायचं ठरवलंय, कारण आज आमच्या भागातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी परदेशात आहे, आणि त्यांना भेटायला निघालेले आई-वडील बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदा एवढा लांबचा प्रवास करत असतात.

जिवावर बेतलं ते एका गुरुजींच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, हिशोबाला पक्के. लेक न्यू जर्सीत, तिचं बाळंतपण जवळ आलेलं, म्हणून दोघं नवरा-बायको नोव्हेंबरअखेर निघाले. मुंबईहून न्यूअर्कला थेट विमान. तिकिटावर छापलेलं होतं : मुंबईहून रात्री 1.20, न्यूअर्कला सकाळी 6.50, तारीख दोन्हीकडे एकच. गुरुजींनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "म्हणजे साडेपाच तास?" दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, "हो गुरुजी, रात्री झोपलात की सकाळी लेकीच्या दारात." माझ्या समोरच्या स्क्रीनवर एकूण प्रवास सोळा तासांचा असल्याचं लिहिलेलं होतं. ते दरवेळी लिहिलेलं असतं. मी त्या कोपऱ्याकडे कधी बघायचोच नाही.

न्यूयॉर्क, न्यूअर्ककडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. साडेपाचात साडेदहा मिळवले की सोळा होतात. दुसरी-तिसरीतलं पोर करेल इतकी सोपी बेरीज, आणि ती न केल्याने काय झालं ते ऐका.

गुरुजींना मधुमेह होता. रात्री एकदा घ्यायचं, दिवसभर काम करणारं इन्सुलिन आणि जेवणाआधीची गोळी. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी दोन्ही घेतलं, घरून आणलेल्या दशम्यांतली एक खाल्ली. सकाळी पोचायचंच आहे म्हणून औषधांची पिशवी मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग विमानाच्या पोटात. विमानात जेवण आलं तेव्हा त्यांनी हाताने नको म्हणून खूण केली. बाहेरचं खायची सवय नाही, चार-पाच तासांचा तर प्रश्न, मुलीकडे जाऊन आंघोळ करून जेवू. दुसऱ्यांदा खायला आलं तेव्हा ते झोपेत होते.

यात एक गोष्ट मला फार नंतर कळली. नोव्हेंबरच्या शेवटी रात्री मुंबईहून निघून उत्तरेकडून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला वाटेत सूर्य भेटत नाही. खाली रशियाचा उत्तर भाग, ग्रीनलँडची बाजू, जिथे त्या दिवसांत सूर्य उगवला तरी घटकाभराचा पाहुणा. विमान रात्रीच्या सोबतीनेच चालतं. त्यामुळे गुरुजींच्या बायकोने खिडकीची झडप जितक्यांदा वर केली तितक्यांदा बाहेर अंधारच दिसला. उजाडलं असतं तर 'अजून कसं पोचलो नाही' असं तरी त्यांच्या मनात आलं असतं. त्यांच्या लेखी रात्र चालूच होती. अंगातलं इन्सुलिन मात्र भारतातल्या दुपारपर्यंत येऊन पोचलं होतं.

मग त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं बरळल्यासारखं झालं. बाईंना वाटलं हार्ट अटॅक. विमानातल्या मुलीने डॉक्टर कोणी आहे का अशी घोषणा केली. मागून एक डॉक्टर आले, त्यांनी साखर घातलेला रस घोटघोट पाजला, मग बिस्किटं. अर्ध्या तासाने गुरुजी ताळ्यावर आले. ते डॉक्टर त्या विमानात नसते तर काय, याचा मी विचार करायला बसलो की आजही पोटात गोळा येतो.

उन्हाळ्यात दोघं परत आल्यावर बाई दुकानात आल्या. नातवाचे फोटो दाखवले, मग हे सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात म्हणून मी डबासुद्धा घेतला नव्हता, भाऊ." मी माफी मागितली. गुरुजी स्वतः नंतर भेटले तेव्हा म्हणाले, चूक माझीही, मी मास्तर असून रेखांश विसरलो. पण त्यांनी विचारलं होतं. विचारणाऱ्याची चूक नसते.

त्यानंतर शाळेतल्या मुलांसाठी मिळतो तसला पृथ्वीगोल विकत आणून मी टेबलावर ठेवला. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आधीपासून होता आणि त्यानेही मला बराच काळ फसवलं होतं. सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कला पट्टी लावली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को अशी जाऊन अटलांटिक ओलांडते. त्या वाटेने नेहमी एकाच दिशेला तोंड ठेवून गेलं तर अंतर भरतं सुमारे सव्वाचौदा हजार किलोमीटर. गोलावर तोच दोरा ताणून धरा. तो आपोआप उत्तरेला सरकतो, मध्य आशिया, रशिया, ग्रीनलँडच्या अंगाने कॅनडावरून खाली उतरतो आणि अंतर होतं साधारण साडेबारा हजार. गोल वस्तूवरची सर्वांत जवळची वाट सपाट कागदावर वाकडी दिसते, एवढंच ते आहे. पण हे कळण्याआधी 'विमान उगाच वरून फिरवून नेतात, अरबस्तानातून जाणारं घ्या, जवळ पडेल' असा सल्ला मी लोकांना छातीठोकपणे दिलेला आहे. कुणाला दुबईत रात्रभर बाकावर बसायला लागलं ते त्या सल्ल्यामुळे.

पुढची चूक अंतर कळल्यावर झाली. विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास. साडेबारा हजाराला नऊशेने भागलं की चौदा तास येतात. मी चौदा सांगायला लागलो. जाताना लोकांना सोळा लागत, परत येताना चौदा. वाट साधारण तीच, विमान तेच. कारण वारा. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे मोठे लोट वाहतात, हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेला जाताना तो वारा छातीवर येतो, येताना पाठ थोपटतो. वैमानिक या वाऱ्याचा अंदाज घेऊन रोजचा मार्ग ठरवतात, त्यामुळे एकाच विमानाची वाट काल वेगळी, आज वेगळी.

याचं मला पटलेलं सगळ्यात मोठं उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचं. 2015 च्या डिसेंबरात हे विमान सुरू झालं तेव्हा ते अटलांटिकवरून जायचं. 2016 च्या ऑक्टोबरात त्यांनी ते उलट्या बाजूने, पूर्वेकडे पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढलं, पंधरा हजार तीनशेच्या घरात गेलं, आणि प्रवासाचा वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला. वारा पाठीशी आला म्हणून. ज्या अंतराच्या आकड्यावर मी इतकी वर्षं माझी उत्तरं बेतत होतो, तो आकडा एकटा काही सांगत नाही हे मला त्या बातमीने शिकवलं. 2021 च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी बंगळूरकडे येणारं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून आणलं, जवळजवळ चौदा हजार किलोमीटर. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला मी गोल फिरवून ती वाट दाखवली.

आता ज्या चुकीचं मला सर्वांत वाईट वाटतं ती सांगतो. तिच्यात कोणी आजारी पडलं नाही, कोणाचा जीव धोक्यात आला नाही. तरी गुरुजींच्या प्रसंगापेक्षा ती मला जास्त बोचते, कारण ती भरून काढता आली नाही.

आमच्याच बाजारात फळांचा गाडा लावणारे एक चाचा. त्यांचा मुलगा मेलबर्नला शिकत होता. घरातलं पहिलंच पोर, कर्ज काढून पाठवलेलं. त्याच्या पदवीदान समारंभाला आई-वडिलांनी यावं असा त्याचा हट्ट. व्हिसा झाला, मी तिकिटं काढली. विमान 14 तारखेला रात्री 12.45 ला, मुंबईहून. चाचांनी विचारलं, "चौदा की रात कू ना?" मी म्हणालो, "हाँ चाचा, चौदा की रात, पौन बजे."

14 तारखेला संध्याकाळी चाचा-चाची नवे कपडे घालून, मुलासाठी खजूर आणि लोणच्याची बरणी घेऊन मुंबईच्या विमानतळावर उभे होते. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं आणि सांगितलं, हे विमान काल रात्रीच गेलं.

विमानाची तारीख मध्यरात्री बाराला बदलते. 14 चे 12.45 म्हणजे 13 तारखेचं रात्रीचं जेवण झाल्यावर काही तासांनी. आपण मराठी माणसं 'चौदाची रात्र' म्हणतो तेव्हा चौदाचा दिवस मावळल्यावरची रात्र म्हणतो. पंचांगातला वारही सूर्योदयाला सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयाला संपतो. चाचांच्या घरी चंद्राच्या तारखा चालतात त्या मगरिबला, सूर्य मावळताच, पुढे सरकतात. पण इंग्रजी तारखेबद्दल बोलताना ते आपल्यासारखंच बोलतात. शहागंजच्या एका चौकात तीन तऱ्हेने दिवस मोजले जातात आणि चौथा, मध्यरात्रीपासूनचा, फक्त कागदावर असतो. तो लोकांच्या बोलीत उतरवून सांगणं हे माझं काम होतं. चाचांनी त्यांच्या बोलीत बरोबर प्रश्न विचारला होता, 'चौदा की रात' का. त्याला बरोबर उत्तर 'नाही, तेरा की रात' हे होतं. मी 'हाँ' म्हणालो.

दुसरी तिकिटं मी माझ्या पैशांनी काढून दिली, पण जागा मिळाल्या तेव्हा समारंभ होऊन गेला होता. मुलाने काळा झगा पुन्हा भाड्याने घेऊन आई-वडिलांबरोबर फोटो काढला, तो चाचांनी मला आणून दाखवला. फोटो चांगला आहे. पण टाळ्या वाजत असताना सभागृहात त्या मुलाचं कोणीच नव्हतं, आणि ते माझ्या एका 'हाँ'मुळे. चाचा अजून रोज दिसतात, सलाम करतात, तिकीट काढायचं झालं तर माझ्याकडेच येतात. त्यांच्या या मोठेपणाने माझं ओझं हलकं होत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आपल्याकडे असं काही नाही. त्यामुळे न्यूयॉर्कशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा. मी एका आईला मुलगी 'आपल्या' घड्याळात किती वाजता उतरेल ते जुन्याच फरकाने सांगितलं आणि ती बाई तासभर फोन हातात धरून रडकुंडीला आली. दुसरं, आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळाहून मुंबईचं आणि मुंबईहून पुढचं अशी दोन वेगळी तिकिटं जोडून देणं. स्वस्त पडतात म्हणून मी ती द्यायचो. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं, सामान पुन्हा घेऊन पुन्हा जमा करावं लागतं, आणि मुंबईतली दोन टर्मिनलं एका कुंपणात नाहीत, रस्त्याने जावं लागतं. एका कुटुंबाचं पुढचं विमान असं सुटलं. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, म्हणजे 'मुंबई' एवढं शहराचं नाव वाचून भागत नाही. उतरायचं कुठे आणि चढायचं कुठे, दोन्ही बघावं लागतं.

आकाशातल्या वाटाही बंद होतात, हे तर माझ्या कधी डोक्यातच नव्हतं. 2019 च्या फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने स्वतःची हवाई हद्द बंद ठेवली होती, आणि एप्रिल 2025 मध्ये ती पुन्हा भारतीय विमानांना बंद केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. मागच्या वर्षी पाठ केलेला तासांचा आकडा यंदा खोटा ठरतो. म्हणून आता मी पाठ काही ठेवत नाही. प्रत्येक तिकिटाचे तास नव्याने बघतो.

आणि तिकिटाबरोबर एक साधा कागद देतो, हाताने लिहिलेला, मराठीत किंवा उर्दूत, ज्याला जे वाचता येतं त्यात. पहिल्या ओळीत घरातून कधी निघायचं, वार आणि त्या दिवशीचं कोणतं जेवण झाल्यावर, तारीख त्यानंतर. मग विमानात प्रत्यक्ष किती तास बसायचं. मग पोचताना तिथे किती वाजलेले असतील आणि 'तुमच्या पोटाला' किती वाजल्यासारखं वाटेल. गुरुजींच्या तिकिटावरचे सकाळचे 6.50 त्यांच्या पोटासाठी संध्याकाळचे 5.20 होते. शेवटी घराच्या उंबऱ्यापासून लेकीच्या उंबऱ्यापर्यंतचे एकूण तास. आमच्या गावातून अमेरिकेला जाणाऱ्याचा हा आकडा थेट विमान असलं तरी तीसच्या आसपास जातो, कारण आधी मुंबई गाठायची, ती रेल्वेने असो की समृद्धी महामार्गाने, तिथे चार तास आधी पोचायचं आणि तिकडे उतरल्यावरही रांगा असतात. हजसाठी चिकलठाण्याहून जेद्दाला सरळ विमानं गेली आहेत, पावणेचार हजार किलोमीटर आणि पाच-साडेपाच तास. त्या वेळी म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव मी पाहिलाय. मुंबईची रात्र वाचली की निम्मा प्रवास वाचतो.

ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाबाच्या ठरल्या वेळच्या गोळ्या आहेत, त्यांना मी तो कागद घेऊन आधी त्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला जाताना आखूड होतो, मग इन्सुलिन कधी आणि किती हे डॉक्टरच सांगू शकतात. औषध हातातल्या पिशवीत, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि बॅग हरवूही शकते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि खिशात ग्लुकोजची पुडी.

परवा एका मुलाने मोबाइल पुढे केला. त्याने आजीचं टोरोंटोचं तिकीट स्वतःच काढलं होतं, त्याला फक्त आजीसाठी व्हीलचेअर नोंदवून हवी होती. मी ते काम केलं आणि विचारलं, आजीला किती तास सांगितलेत? तो म्हणाला, "रात्री निघून सकाळी पोचते ती." मी त्याला खुर्ची दिली, गोल पुढे ओढला आणि कोरा कागद घेतला. आजी जेवते किती वाजता, इथून सुरुवात केली.